ऊर्जासाठवणीच्या चर्चेत भट्टीतल्या विटांनाही जागा हवी

प्रति,
संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,

ऊर्जेच्या साठवणुकीविषयी गेल्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जात आहे आणि ते स्वागतार्हच आहे. दिवसा सौरऊर्जा भरपूर मिळते, संध्याकाळी विजेची मागणी चढते, म्हणून मधल्या काळासाठी ऊर्जा कुठेतरी राखून ठेवली पाहिजे, ही गोष्ट आता सामान्य वाचकालाही ठाऊक झाली आहे. या चर्चेत लिथियमच्या बॅटऱ्या असतात, भिरा आणि घाटघर येथील पाणी वर चढवून ठेवणारे प्रकल्प असतात, हायड्रोजन असतो. मात्र ज्या साधनाने गेली दीडशेहून अधिक वर्षे जगभरच्या पोलाद आणि काच कारखान्यांत रात्रंदिवस प्रचंड उष्णता साठवून परत दिली, त्याचा उल्लेखही क्वचितच होतो. ते साधन म्हणजे भट्टीला जोडलेल्या कोठडीत रचलेली विटांची जाळी. कारखान्यात या जाळीला चेकर म्हणतात आणि कोठडीला रिजनरेटर. उच्चतापसह म्हणजे अतिशय उच्च तापमान सोसणाऱ्या विटा आणि भट्ट्या यांच्याच कामात माझी नोकरीची वर्षे गेली. त्या अनुभवाच्या आधारे मला असे सांगायचे आहे की, ही जाळी एकदा बांधून विसरून जाण्याची वस्तू नव्हे. ती ऊर्जा साठवणारे यंत्र आहे, तिची तपासणी, तिच्या नोंदी आणि तिच्यावर काम करणाऱ्यांचे शिक्षण यंत्राला साजेसे व्हायला हवे, आणि राज्याच्या ऊर्जासाठवणीच्या विचारातही तिची गणना व्हायला हवी.

काचेच्या भट्टीचे उदाहरण घेतो, कारण तिथे हे काम सर्वांत स्पष्ट दिसते. वाळू, सोडा, चुनखडी आणि जुन्या काचेचा चुरा यांचे मिश्रण वितळवण्यासाठी भट्टीच्या छताचे तापमान १५५० ते १६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. काचेवरून फिरून बाहेर पडणारा धूर त्या वेळी १४०० अंशांच्या आसपास असतो. तो तसाच धुराड्यातून सोडून दिला, तर जाळलेल्या इंधनाची निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते. म्हणून भट्टीच्या दोन बाजूंना, किंवा मागच्या बाजूस शेजारी शेजारी, दोन उंच कोठड्या बांधतात आणि त्यांत विटा अशा रचतात की वरपासून खालपर्यंत असंख्य उभे मार्ग मोकळे राहावेत. एका कोठडीतून धूर वरून खाली जातो आणि जाता जाता विटांना तापवतो. साधारण वीस मिनिटांनी झडप फिरवली जाते. आता त्याच तापलेल्या विटांच्या खालून थंड हवा आत शिरते, वर चढता चढता १२०० ते १३०० अंशांपर्यंत तापते आणि तशीच ज्वालेच्या तोंडाशी जाऊन इंधनाला मिळते. या वेळी धूर दुसऱ्या कोठडीतून जात असतो. पुढच्या वीस मिनिटांनी पुन्हा उलट. ही अदलाबदल, जिला कामगार रिव्हर्सल म्हणतात, भट्टी पेटल्यापासून ती विझेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा वर्षे, एकही दिवस न थांबता चालू राहते. जाळीतून निघणारा धूर पुढे धुराड्याकडे जातो तेव्हा तो साडेचारशे ते साडेपाचशे अंशांवर आलेला असतो. चांगल्या स्थितीतली जाळी धुरातली साधारण ६० टक्के उष्णता परत भट्टीत आणते. याहून फार जास्त मिळवता येत नाही, कारण धुराचे वस्तुमान ज्वालेला दिलेल्या हवेपेक्षा नेहमीच अधिक असते आणि हवा घेऊ शकेल त्याहून जास्त उष्णता धुराजवळ असते.

वाचकांना हे परके वाटू नये म्हणून सांगतो, गोव्यातल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, जुन्या पद्धतीच्या भट्टीत याच तत्त्वावर पाव भाजला जातो: आत लाकूड जाळून विटा तापवायच्या, निखारे बाजूला सारायचे आणि विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर पाव भाजायचा. काचेच्या भट्टीत फरक एवढाच की विटा जी उष्णता धरतात ती एरवी फुकट गेली असती, आणि ती मालाला थेट न देता ज्वालेच्या हवेला दिली जाते.

हा फरक लहान नाही. तापलेल्या हवेने केवळ इंधन वाचते असे नाही, ज्वालाच अधिक तापते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उघड्या भट्टीत पोलाद वितळलेले ठेवणे जवळजवळ अशक्य होते, कारण साध्या हवेवर जळणाऱ्या ज्वालेचे तापमान तेवढे चढतच नसे. निकृष्ट कोळशापासून काढलेला हलका वायू तर त्या कामाला अगदीच अपुरा. परंतु वायू आणि हवा दोन्ही विटांच्या जाळ्यांतून तापवून आणल्या की त्याच हलक्या वायूवर पोलाद वितळू लागले. यासाठी दोन नव्हे तर चार कोठड्या लागत, दोन हवेच्या आणि दोन वायूच्या. म्हणजे चांगले इंधन नसलेल्या ठिकाणीही उच्च तापमानाचा उद्योग उभा राहू शकला तो या विटांमुळे. भारतासारख्या, राखेने भरलेल्या कोळशाच्या देशाला या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

या शोधाचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ग्लासगोच्या जेम्स बोमाँट नीलसन यांनी १८२८ मध्ये झोतभट्टीत, म्हणजे खनिजापासून लोखंड काढण्याच्या भट्टीत, थंड हवेऐवजी तापवलेली हवा फुंकण्याचे पेटंट घेतले. क्लाइड येथील कारखान्यात त्याआधी एक टन लोखंडामागे आठ टनांहून किंचित अधिक कोळसा लागे, तो हवा जेमतेम दीडशे अंशांपर्यंत तापवताच पाच टनांच्या आसपास आला. परंतु ही हवा ओतीव लोखंडाच्या नळ्यांतून तापवली जाई आणि पाचशे-सहाशे अंशांपलीकडे त्या नळ्या टिकत नसत. धातूची ही मर्यादा विटेने ओलांडली. फ्रीड्रिख सीमेन्स यांनी १८५६ मध्ये रिजनरेटर असलेल्या भट्टीचे पेटंट इंग्लंडमध्ये घेतले, त्यांचे बंधू विल्यम यांनी तिला कोळशाच्या वायूची जोड दिली आणि १८६१ च्या सुमारास बर्मिंगहॅमजवळच्या चान्स बंधूंच्या काच कारखान्यात ती चालू झाली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसची काच ज्यांनी पुरवली तेच हे चान्स बंधू. एडवर्ड काउपर यांनी १८५७ मध्ये हेच तत्त्व झोतभट्टीच्या हवेसाठी वापरले. मायकेल फॅरडे यांनी २० जून १८६२ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारच्या व्याख्यानमालेतले आपले अखेरचे व्याख्यान दिले, त्याचा विषय सीमेन्स यांची ही भट्टी होता. विजेच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसाला विटांची ही रचना एका संपूर्ण व्याख्यानाच्या योग्यतेची वाटली, याची आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी दखल घ्यावी. फ्रान्समध्ये प्येर-एमील मार्तँ यांनी १८६५ मध्ये याच भट्टीत पोलाद तयार केले, आणि पुढे विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात जगातले बहुतेक पोलाद सीमेन्स-मार्तँ म्हणजेच ओपन हार्थ भट्टीतून निघत राहिले. जमशेदपूरला डिसेंबर १९११ मध्ये कच्चे लोखंड आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये पोलाद निघाले ते याच परंपरेत. भिलाई आणि दुर्गापूर यांचीही सुरुवात ओपन हार्थनेच झाली.

विटांच्या जाळीत यंत्रपण कुठे आहे, असे एखादा वाचक विचारील, कारण तिच्यात हलणारे काहीच नाही. याचे उत्तर तिच्या मापांत आहे. उष्णता विटेच्या आत फार सावकाश शिरते. वीस मिनिटांत ती साध्या अग्निमातीच्या विटेत साधारण अडीच सेंटिमीटर खोल पोहोचते. दोन्ही बाजूंनी तापणारी वीट पाच-सहा सेंटिमीटरांहून जाड असेल, तर तिचा गाभा प्रत्येक फेरीत जवळजवळ निष्क्रिय राहतो. तो फक्त वजन वाढवतो आणि धुराची वाट अडवतो. उलट वीट फार पातळ केली, तर ती वरच्या थरांचा भार सोसत नाही, लवकर वाकते आणि झिजते. फेरीचा वेळ, विटेची जाडी, मोकळ्या वाटेची रुंदी आणि कोठडीची उंची यांचा मेळ गणिताने घालावा लागतो. यातला एक आकडा बदलला की बाकीचे तीनही बदलावे लागतात. आता सरळ विटांऐवजी चिमणीच्या नळकांड्यांसारखे किंवा अधिकच्या चिन्हासारखे घडवलेले ठोकळे वापरतात, ते याच हिशोबातून आले: तेवढ्याच जागेत अधिक पृष्ठभाग, कमी निष्क्रिय गाभा आणि चांगला तोल.

धूर नेहमी वरून खाली आणि हवा नेहमी खालून वर का जाते, हेही असेच नजरेतून सुटणारे आहे. मला ते या संपूर्ण रचनेतले सर्वांत सुंदर अंग वाटते. समजा जाळीतला एखादा उभा मार्ग शेजारच्या मार्गांपेक्षा थंड राहिला. त्यातला धूर अधिक थंड म्हणून अधिक जड असतो, तो खाली जोराने ओढला जातो, साहजिकच त्या मार्गात जास्त धूर येतो आणि तो मार्ग तापतो. उलट फेरीत एखादा मार्ग शेजाऱ्यांपेक्षा जास्त तापलेला असेल, तर त्यातली हवा हलकी होऊन वेगाने वर चढते, त्या मार्गात अधिक हवा येते आणि तो निवतो. एकाही माणसाने हात न लावता जाळी स्वतःचे तापमान सारखे करत राहते. हीच रचना उलट्या दिशेने चालवली तर तापलेला मार्ग आणखी तापत जाईल आणि थंड मार्ग मोकळाच राहील. ज्यांनी प्रथम हा विचार केला त्यांच्याकडे संगणक नव्हता, तापमापकेही धड नव्हती.

लोखंडाच्या झोतभट्टीजवळ उभे असलेले उंच घुमटाकार मनोरे, ज्यांना नुसते स्टोव्ह म्हणतात, ते काउपर यांच्या कल्पनेचेच आजचे रूप. रायगड जिल्ह्यात डोलवीला आणि गोव्यात आमोण्याला ते आपल्याला पाहायला मिळतात. एका झोतभट्टीला असे तीन किंवा चार स्टोव्ह लागतात. झोतभट्टीच्या माथ्यावरून निघणारा, स्वतः फारसा न जळणारा वायू त्यांत जाळून आतल्या षट्कोनी, अनेक भोकांच्या विटा तापवतात, मग तो बंद करून त्यांतून हवा फुंकतात. ही हवा हजार ते बाराशे अंशांनी भट्टीत शिरते. हवेच्या तापमानातली दर शंभर अंशांची वाढ एक टन लोखंडामागे साधारण दहा ते पंधरा किलो कोक, म्हणजे झोतभट्टीसाठी भाजून तयार केलेला कोळसा, वाचवते. कोक बनवण्याचा कोळसा आपण मोठ्या प्रमाणावर परदेशातून आणतो, हे लक्षात घेतले म्हणजे स्टोव्हमधल्या विटांच्या प्रकृतीचा देशाच्या तिजोरीशी काय संबंध आहे ते कळते. स्टोव्हच्या वरच्या भागात सिलिका विटा असतात. या विटेचा स्वभाव विलक्षण आहे. सहाशे अंशांच्या वर ती कितीही तापली किंवा निवली तरी तिच्या आकारात जवळजवळ फरक पडत नाही, म्हणून रोजच्या चढउतारांना ती उत्तम. पण त्याखाली, विशेषतः दोनशे ते तीनशे अंशांच्या टप्प्यात, ती एकदम फुगते किंवा आकसते आणि तडकते. म्हणून नवा स्टोव्ह कित्येक आठवडे अतिशय सावकाश तापवावा लागतो, आणि एकदा तापला की कारखाना बंद असला तरीही त्याला थंड होऊ द्यायचे नसते. मंदीत कारखाना काही महिने बंद ठेवण्याचा निर्णय कार्यालयात बसून घेतला जातो तेव्हा स्टोव्हखाली तेवता ठेवायचा बर्नर कोण सांभाळणार, हा प्रश्न त्या बैठकीत विचारला गेलाच पाहिजे.

आता मूळ तक्रारीकडे येतो. जाळी बंद कोठडीत असते, दिसत नाही, आवाज करत नाही, आणि एकाएकी बंदही पडत नाही. त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होते. काचेच्या भट्टीत धुराबरोबर सोडियम सल्फेटची वाफ आणि कच्च्या मालाची बारीक धूळ येते. वरच्या थरात धूळ विटेला चिकटते आणि विटेचा पृष्ठभाग खाते. खाली, साधारण ११०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात, सल्फेट द्रव होऊन विटांवर जमते आणि त्याहून खाली ते घट्ट होऊन वाटा बुजवते. यालाच चेकर चोक होणे म्हणतात. चोक झालेल्या जाळीत हवा कमी जाते आणि कमी तापते. मग भट्टीचे तापमान राखण्यासाठी इंधन वाढवले जाते, धूर वाढतो आणि चोक होण्याचा वेगही वाढतो. मी एका कारखान्यात पाहिले आहे की इंधनाचा खप महिनोन्महिने चढत होता, त्यावर उपाय म्हणून बर्नरची तोंडे बदलली गेली, इंधनाच्या पुरवठादाराशी पत्रव्यवहार झाला, मोजमापाच्या उपकरणांवर शंका घेतली गेली. कोठडीच्या तळाशी धुराचे तापमान काय आहे आणि जाळीच्या वर व खाली दाबात किती फरक पडतो आहे, या दोन साध्या नोंदी मात्र कोणीच ठेवत नव्हते. त्या ठेवल्या असत्या तर एका बाजूची जाळी बुजत चालली आहे हे फार आधी लक्षात आले असते. अशी जाळी मोकळी करण्याचे उपाय आहेत. खालच्या बाजूने बर्नर लावून गोठलेले सल्फेट वितळवून काढता येते, जाळीचा भार पेलणाऱ्या रायडर कमानींच्या खालून लांब नळीने दाबाची हवा मारून वाटा उघडता येतात. पण हे सगळे वेळीच करावे लागते. वाटा पूर्ण बुजल्यानंतर भट्टी चालू असताना जाळी बदलणे हे अतिशय जोखमीचे आणि खर्चाचे काम आहे.

जोखीम म्हटली म्हणजे ज्यांचे नाव कोणत्याही अहवालात येत नाही त्या कामगारांविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही. जुनी जाळी फोडताना सिलिकाची धूळ उडते, आणि तिच्याने फुफ्फुसांचा जो रोग होतो त्याला उपचार नाही. पूर्वी मधल्या पट्ट्यात मॅग्नेशिया-क्रोम विटा सर्रास वापरल्या जात. सोडियम सल्फेटच्या संगतीत त्यांतले क्रोमियम षट्संयुजी या विषारी रूपात जाते. जुन्या विटांवर पिवळसर थर दिसतो तो त्याचाच. हा पदार्थ पाण्यात सहज विरघळतो, कर्करोगाला कारण होतो आणि जमिनीत मुरला तर विहिरीपर्यंत पोहोचतो. अशा विटांचा ढीग पावसात उघड्यावर पडू देणे किंवा त्या भरावासाठी देऊन टाकणे हा अपराध मानला गेला पाहिजे, आणि २०१६ चे घातक कचऱ्याविषयीचे नियम या बाबतीत काटेकोरपणे लागू झाले पाहिजेत. क्रोमियम नसलेल्या, मॅग्नेशिया-झिर्कॉनच्या विटा आज उपलब्ध आहेत. त्या महाग असल्या तरी त्यांच्या किमतीत विहीर आणि फुफ्फुस यांचा हिशोबही धरावा.

या रचनेच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. हवा जितकी तापवावी तितके ज्वालेत नायट्रोजनचे ऑक्साइड अधिक तयार होतात, आणि त्यासाठी ज्वालेची रचना व हवेचे प्रमाण काळजीपूर्वक सांभाळावे लागते. काही काच कारखाने आता हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरतात आणि विटांच्या कोठड्या टाळतात, परंतु ऑक्सिजन वेगळा काढायलाही वीज लागते. ओपन हार्थ भट्टी तर इतिहासजमा झाली. राउरकेल्यात सुरुवातीपासूनच ऑक्सिजन फुंकण्याची पद्धत आली आणि नंतर इतरत्रही तीच रूढ झाली. तरीही काचेची भट्टी, झोतभट्टीचे स्टोव्ह आणि कोक भट्टीच्या खालच्या कोठड्या या तीन ठिकाणी विटांची जाळी आजही काम करते आहे, आणि पुढची काही दशके तरी करीत राहील.

लहान भट्ट्यांची स्थिती मात्र काळजी करण्यासारखी आहे. फिरोझाबादमध्ये ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या निकालानंतर कोळशाच्या भट्ट्यांना नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. तेव्हा टेरी या संस्थेने तिथल्या बांगड्यांच्या काचेसाठी धुराच्या उष्णतेवर हवा तापवणारी भट्टी तयार करून दिली. तिच्यात विटांच्या जाळीऐवजी धातूचे उपकरण होते, तरी उष्णता परत आणण्याचा विचार तोच, आणि इंधनात मोठी बचत झाली. नुसते इंधन बदलून भागत नाही, धुरातून जाणारी उष्णता धरावी लागते, हा धडा तिथे मिळाला. आपल्याकडे जालन्याच्या सळ्यांच्या कारखान्यांत, ठिकठिकाणच्या फोर्जिंगच्या भट्ट्यांत, ॲल्युमिनियम वितळवण्याच्या लहान उद्योगांत जिथे इंधन जाळून धातू तापवला जातो, तिथे हा धडा अजून पुरता गिरवलेला नाही. अशा ठिकाणी मोठी कोठडी बांधायला जागा नसते हे खरे. त्यासाठी ॲल्युमिनाच्या गोळ्यांनी किंवा मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या सिरॅमिक ठोकळ्यांनी भरलेले बर्नर मिळतात. ते जोडीने बसवतात आणि दर मिनिट-दोन मिनिटांनी, ठोकळे असतील तर त्याहूनही लवकर, त्यांची अदलाबदल करतात. तत्त्व सीमेन्स यांचेच, माप टेबलाएवढे.

आणि आता ज्यामुळे हे पत्र लिहिणे मला आजच आवश्यक वाटले ती गोष्ट. विटा केवळ धुराच्याच उष्णतेने तापाव्यात असे काही नाही, त्या विजेनेही तापवता येतात. कॅलिफोर्नियातल्या पिक्सली येथील एका इथेनॉल कारखान्यात रोंडो एनर्जी या कंपनीने २०२३ मध्ये दोन मेगावॉट-तास उष्णता साठवणारा विटांचा संच बसवला. दिवसा सौरविजेने विटा तापवायच्या आणि चोवीस तास त्यांतून हवा फिरवून तिच्यावर बाष्पक चालवायचा, अशी ती योजना आहे. हिशोब कोणालाही करता येण्यासारखा आहे. एक टन वीट ५०० अंशांवरून १२०० अंशांपर्यंत तापवली तर तिच्यात सुमारे १९० युनिट ऊर्जा साठते. एक टन वाफेला साधारण ७०० युनिट लागतात. ताशी एक टन वाफ लागणाऱ्या लहान कारखान्याला सूर्य नसतानाच्या सोळा तासांसाठी साठ टनांच्या आसपास विटा पुरतील, गळती भरून काढायला त्यांत थोडी भर घालावी लागेल. मोकळ्या वाटा धरूनही एवढ्या विटा एका मध्यम खोलीत मावतात. अडचण विटांची नाही, जोडणीची आहे: हीच ऊर्जा दिवसाच्या आठ तासांत भरायची आणि त्याच वेळी दिवसाची वाफही द्यायची, तर दोन मेगावॉटच्या आसपास वीजभार लागेल. तेवढी जोडणी कोणत्या अटींवर मिळेल, यावर सगळे अवलंबून आहे.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत जी सुधारणा केली तिच्यानुसार सौरतासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे, आणि औद्योगिक व व्यापारी ग्राहकांसाठी ही तरतूद एप्रिल २०२४ पासून आहे. एवढ्या सवलतीने विजेवरची वाफ कोळशाच्या किंवा लाकडाच्या वाफेएवढी स्वस्त होणार नाही, हे मी मान्य करतो. परंतु जो कारखाना आज फर्नेस ऑइल किंवा वायू जाळतो त्याच्यासाठी हिशोब जवळ येतो, आणि दुपारी जी सौरवीज घ्यायला कोणी नसते तिच्यासाठी वेगळा दर ठरवला तर तो आणखी जवळ येईल. साखर कारखान्यांना याची गरज नाही, त्यांच्याजवळ जाळायला स्वतःचे बगॅस म्हणजे उसाचे चिपाड आहे. इचलकरंजीची कापड प्रक्रिया, दूध संघ, औषधे आणि रसायने यांचे कारखाने, अन्नप्रक्रिया उद्योग यांना मात्र वर्षभर वाफ लागते. एक गोष्ट स्पष्ट करतो: विटांतली उष्णता पुन्हा विजेत बदलायला गेले तर निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया जाते, त्यामुळे ही रचना बॅटरीची जागा घेऊ शकत नाही. ज्याला शेवटी उष्णताच हवी आहे त्याला उष्णताच साठवून द्यावी, एवढाच तिचा उपयोग, आणि उद्योगांच्या ऊर्जेचा फार मोठा वाटा उष्णतेच्या रूपातच खर्च होतो.

महाराष्ट्राला काच आणि भट्टी नवीन नाहीत. लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने पैसा फंडाच्या वर्गणीतून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काच कारखाना निघाला, कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये दुसरा उभा राहिला आणि तिथला प्रभाकर कंदील घराघरांत पोहोचला. त्या काळी भट्टीचे काम शिकवणे हे राष्ट्रकार्य मानले जाई. आज माझ्या पाहण्यात विटांची जाळी रचणारे चांगले मिस्त्री बहुतेक वयस्क आहेत, त्यांचे कसब उस्तादाच्या हाताखाली राहूनच मिळालेले आहे, आणि त्यांच्या मुलांना या कामात यायचे नाही. प्रसरणासाठी सांधा किती मोकळा सोडायचा, ओळंबा किती थरांनी तपासायचा, रायडर कमानीवर पहिला थर कसा बसवायचा, हे पुस्तकात वाचून येत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतल्या गवंडीकामाच्या अभ्यासक्रमाला उच्चतापसह बांधकामाचा, हाताने करून शिकवला जाणारा भाग जोडावा, आणि या मिस्त्रींपैकी काहींना तिथे शिक्षक म्हणून, पदवीची अट न घालता, नेमावे, अशी माझी शासनाला विनंती आहे. ऊर्जा लेखापरीक्षकांच्या नमुन्यात रिजनरेटरच्या तळाचे धुराचे तापमान, ज्वालेच्या तोंडाशी हवेचे तापमान आणि जाळीतला दाबाचा फरक या तीन नोंदी बंधनकारक कराव्यात. त्यांना लागणारी उपकरणे स्वस्त आहेत, आणि त्या दर महिन्याला ठेवल्या गेल्या तर पुष्कळ कारखान्यांचे इंधन कुठलेही नवे तंत्रज्ञान न आणता वाचेल.

राज्याच्या ऊर्जा खात्याने आणि महावितरणने मिळून एका औद्योगिक वसाहतीत, जिथे वाफ वापरणारे अनेक लहान कारखाने शेजारी शेजारी आहेत, विजेने तापणाऱ्या विटांचा एक सामाईक संच प्रयोगादाखल उभारावा. त्याला दुपारच्या वेळेसाठी स्वतंत्र दर आणि स्वतंत्र जोडणी द्यावी, वाफ मोजून विकावी, आणि किती वीज आत गेली, किती वाफ बाहेर आली, विटांची झीज कशी झाली याचे आकडे दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करावेत, म्हणजे उद्योजकांना स्वतःचा हिशोब स्वतः मांडता येईल. प्रयोग किमान तीन वर्षे चालवावा, कारण विटांचा खरा गुण पहिल्या वर्षात दिसत नाही.

आपला विश्वासू,
भट्ट्यांच्या कामातून निवृत्त झालेला एक अभियंता,
पुणे